केडगावची मुद्रितं

दुष्काळात आईवडील गेले, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पटकीने पती. पंडिता रमाबाईंजवळ उरली तान्ही मनोरमा.

श्रद्धा म्हणजे संकट टळण्याची हमी, असं अनेकांना वाटतं. रमाबाईंना ती हमी कधीच मिळाली नाही. तरीही पुढच्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना पुणे जिल्ह्यातल्या केडगावी आणलं. इतक्या तोंडांची काळजी त्या प्रार्थनेत देवावर सोपवत आणि कामाला लागत.

उतारवयात त्या बायबल मराठीत आणत होत्या, मूळ हिब्रू-ग्रीकवरून. 1921 मध्ये मनोरमाही गेली.

रमाबाई पुन्हा भाषांतराच्या मुद्रितांकडे वळल्या. कागदावर वाकलेली ती मूर्ती डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हा त्यांनी देवाला काय विचारलं असेल?

5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. भाषांतर पूर्ण झालं होतं.