गच्चीवरची शाळा

पुण्याच्या जुन्या भागातील ठिकाणांची नावे ओळीने उच्चारली, तर एक मौज ध्यानात येते. तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, हिराबाग, सारसबाग! जिकडे पाहावे तिकडे बागाच बागा. सारसबागेत आजही हिरवळ आहे. परंतु तुळशीबागेत जाऊन कोणी तुळशीचे बन शोधू लागला, तर त्याला बांगड्या, भातुकलीची भांडी आणि खरेदीला लोटलेली गर्दी तेवढी सापडेल. बागा गेल्या, नावे मागे राहिली.

जी गत बागांची, तीच वाड्यांतील परसांची झाली. माझे बालपण पेठेतल्या एका वाड्यात गेले. वाडा काही मोठा नव्हता, पण मागे विहीर होती, आणि मोरीचे सांडपाणी जेथे जाऊन मुरे तेथे अळूचे रान माजलेले असे. कुंपणावर घोसाळ्याचा वेल होता. अचानक पाहुणे आले, की आजी विळी घेऊन परसात जाई आणि पदरात चार घोसाळी घेऊन परते. त्यांची साले, देठे पुन्हा त्या अळूच्याच बुडाशी पडत. आमच्या वाड्यात केर निघे, कचरा निघत नसे, असे म्हटले तरी चालेल.

पुढे वाडे पडले आणि त्यांच्या जागी चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या. नळाचे पाणी स्वयंपाकघरात आले, जिने उजेडाचे झाले. त्या सोयींना मी नावे ठेवणार नाही. परंतु पायाखालची माती गेली आणि तिच्याबरोबर भाजीची साले टाकण्याची जागाही गेली. ती साले डब्यात पडू लागली, डबा गाडीत आणि गाडी गावाबाहेर. गावाबाहेर म्हणजे कोठे? पुण्याच्या पूर्वेस उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे आहेत. १९८० च्या दशकापासून पुण्याचा कचरा त्या बाजूला जाऊन पडू लागला. त्याचे डोंगर झाले. गावकऱ्यांच्या विहिरींचे पाणी बिघडले. अखेर २०१४ साली त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरातील रस्त्यारस्त्यांवर ढीग साचले. मी तेव्हा शाळेत मुख्याध्यापक होतो. नाकाला रुमाल लावून शाळेत आलेल्या सातवीतील एका मुलीने मला विचारले, "सर, आपल्या घरातला कचरा आपण त्यांच्या दारात का टाकतो?" इतका सरळ प्रश्न मला पस्तीस वर्षांच्या नोकरीत क्वचितच कोणी विचारला असेल.

सेवानिवृत्तीनंतर तो प्रश्न घेऊनच मी एका वर्गात जाऊन बसलो. आमच्या भागातील काही कुटुंबांनी मिळून घरच्या घरी सेंद्रिय भाजी पिकवण्यास शिकवणारा एक वर्ग चालू केला होता. सेंद्रिय म्हणजे रासायनिक खते आणि विषारी फवारे न वापरता पिकवलेली. वर्ग दर रविवारी सकाळी एका इमारतीच्या गच्चीवर भरे. बाके नव्हती, पोत्यांवर बसायचे. शिकवणाऱ्या बाई माझ्या कितीतरी विद्यार्थिनींपेक्षा वयाने लहान. त्यांना सगळे नुसते 'ताई' म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणू लागलो.

पहिल्या दिवशी आम्ही सारे बियांची वाट पाहत होतो. ताईंनी समोर ठेवले एक घमेले. त्यात काळीभोर, भुसभुशीत अशी काहीतरी वस्तू होती. "वास घ्या," त्या म्हणाल्या. घमेले हातोहात फिरले. पहिल्या वळिवाच्या सरीनंतर अंगण जसे दरवळते, अगदी तसा तो वास! मातीतील काही सूक्ष्म जीव एक द्रव्य तयार करतात. त्या द्रव्याचा हा गंध. "आणि ही माती," ताई म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरातली आहे. तीन महिन्यांपूर्वी ही केळीची साले, मटारची टरफले आणि चहाचा चोथा होती."

मग त्यांनी कृती दाखवली. भोके असलेला एक जुना क्रेट घ्यायचा. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा उसाची चिपाडे अंथरायची. चिपाडे रसवंतीवाल्याकडे मागितली तर तो आनंदाने देतो. त्यावर वाळलेली पाने, मग घरातील ओला कचरा, पुन्हा पाने. ओल्याच्या दुप्पट-तिप्पट कोरडे असावे. ओल इतकीच, की मूठ दाबली तर हात भिजावा पण पाणी गळू नये. शेवटी तयार खताची एक मूठ वरून भुरभुरायची. या मुठीला ताई 'विरजण' म्हणत. दुधात चमचाभर दही घातले, की सगळ्या दुधाचे दही होते. येथेही मुठीतले कोट्यवधी सूक्ष्म जीव साऱ्या क्रेटमध्ये पसरतात आणि आपले काम सुरू करतात. ते काम चालू झाल्याची खूण म्हणजे आत हात घातला तर कोमट लागते. शिगोशीग भरलेला क्रेट हळूहळू खाली बसतो आणि दोन-तीन महिन्यांत तळाशी काळी माती उरते.

आमच्या वर्गात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांना वाळलेली पाने गोळा करण्याचा कंटाळा. त्यांनी नुसता ओला कचरा भरला. आठ दिवसांत अळ्या झाल्या, दुर्गंधी सुटली आणि त्यांच्या सौभाग्यवतींनी तो क्रेट उचलून जिन्यात ठेवला. ताई त्यांच्या घरी गेल्या, कचरा खालीवर केला आणि त्यात दोन घमेली वाळकी पाने मिसळली. पाने मिसळली की फटी राहतात, फटींतून हवा खेळते आणि हवेत जगणारे जीव वास येऊ देत नाहीत. आठवड्याने क्रेट पुन्हा घरात आला.

वाळलेल्या पानांची तर पुण्यात लयलूट. थंडी सरता सरता रस्त्याच्या कडेचे वृक्ष पानांचा नुसता सडा घालतात. एके काळी सकाळी फिरायला निघावे, तर जागोजागी पानांचे ढीग पेटवलेले दिसत आणि धुराने घसा खवखवे. २०१६ साली अदिती देवधर यांनी पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा उपक्रम सुरू केला. ज्यांच्या आवारात पाने पडतात आणि ज्यांना बागेसाठी पाने हवी असतात, अशा लोकांची गाठ घालून देणे, एवढेच त्याचे सूत्र. एकाची अडचण ती दुसऱ्याची गरज! आता पानांची पोती एका घरातून दुसऱ्या घरी जातात. धान्याचे पोते आल्यासारखे तोंड करून माणसे ती पोती उतरवून घेताना मी पाहिली आहेत.

आमच्या इमारतीत सहजासहजी परवानगी मिळाली नाही, हेही सांगितले पाहिजे. "स्लॅब गळेल, वजनाने खचेल," असे सेक्रेटरींचे म्हणणे. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. ओली माती फार जड असते. तेव्हा आम्ही सभेत एक घनफूट ओली माती आणि एक घनफूट पालापाचोळ्याचे खत तराजूत घालून दाखवले. खत पुष्कळच हलके भरले. क्रेट विटांवर ठेवायचे, खाली पाणी साचू द्यायचे नाही आणि जड कुंड्या भिंतीच्या कडेने मांडायच्या, अशा अटींवर मंजुरी मिळाली. सेक्रेटरी आज त्याच गच्चीवर मिरच्या लावतात.

मी एकदा ताईंना विचारले, "तुम्ही हे कोठे शिकलात?" त्यांनी एका मैत्रिणीचे नाव सांगितले. ती दुसऱ्या कोणाकडून शिकली होती, ती आणखी कोणाकडून. हा धागा मागे मागे नेत गेलो, तर तो कोल्हापूरकडे गेला आणि एका नावापाशी थांबला. ते नाव म्हणजे श्री. अ. दाभोळकर.

श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी येथे मौनी विद्यापीठात ते शिकवीत. गणिताच्या माणसाचा मातीशी काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. पण त्यांनी शेतीही गणितासारखीच मांडली. झाडाची पाने किती चौरस फूट ऊन झेलतात आणि त्यातून किती अन्न तयार होते, याचा त्यांनी हिशेब केला. नीट हिशेबाने पिकवले तर अवघ्या दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, पाच माणसांचे कुटुंब सुखाने राहू शकेल, असे ते सांगत. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. तासगाव भागातील द्राक्षबागाईतदारांनी त्यांच्या पद्धतीने आपापल्या मळ्यांत प्रयोग केले, निरीक्षणे लिहून ठेवली आणि जे साधले ते एकमेकांना सांगितले. शहरातील माणसाला शेत नसेल, तर त्याची गच्ची हेच त्याचे शेत, हेही दाभोळकरांनी दाखवून दिले. १९९८ साली त्यांचे 'प्लेंटी फॉर ऑल' हे इंग्रजी पुस्तक निघाले. २००१ साली ते वारले. अंधश्रद्धेविरुद्ध लढलेले डॉ. नरेंद्र दाभोळकर हे त्यांचे धाकटे बंधू. स्वतः करून पाहिल्याशिवाय मान्य करायचे नाही, हा त्या घराचाच बाणा असावा.

मला सर्वांत नवल वाटले ते या परिवाराच्या रचनेचे. त्यात शिकवणारे वेगळे आणि शिकणारे वेगळे असे नव्हते. ज्याने प्रयोग केला तो त्या प्रयोगापुरता गुरू; दुसऱ्याचा प्रयोग ऐकायला बसला की तोच शिष्य. मुख्याध्यापकाविना चालणारी शाळा! जन्मभर मुख्याध्यापकाच्या खुर्चीचा मान राखलेल्या मला ही कल्पना किंचित बोचली, हे खरे. पण गच्चीवर मी ती डोळ्यांनी पाहिली. आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या मावशी एकदा वर आल्या आणि आमच्या चाकवताचे शेंडे वेळेवर खुडा म्हणजे फुटवे जास्त फुटतील, असे सांगून गेल्या. त्या रविवारी मावशीच आमच्या शिक्षिका होत्या.

दाभोळकरांच्या पद्धतीने मुंबईत घडलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे तीन हजार कामगारांचे जेवण शिजे. साहजिकच भाजीचा कचरा ढिगाने निघे. तेथील अधिकारी प्रीती पाटील यांनी २००० नंतरच्या दशकाच्या आरंभी तो कचरा वरच्या गच्चीतच जिरवला आणि त्यावर भाज्या, फळझाडेसुद्धा वाढवली. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अर्बन लीव्हज' या नावाने शहरातील कुटुंबांना हीच विद्या शिकवली.

आणीबाणीच्या प्रसंगी मोठमोठ्या राष्ट्रांनीही घराजवळची माती आठवली आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये हिरवळी खणून बटाटे लावले गेले, आणि १९६५ साली देशात धान्याची टंचाई असता पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आपल्या निवासस्थानाच्या आवारात गहू पेरला. पण संकट टळले की अशा बागा विसरल्या जातात.

माझ्या गच्चीवरच्या साऱ्या भाज्यांत मला दुधी भोपळ्याने अधिक शिकवले. वेल मांडवभर झाला, फुले आली, पण धरलेले दुधी बोटाएवढे होऊन गळून पडत. ताई म्हणाल्या, "संध्याकाळी या आणि मुलांना घेऊन या." दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, रात्री उडणारे पतंग त्याचे पराग एका फुलातून दुसऱ्यात नेतात. चौथ्या मजल्यावर ते पतंग पुरेसे येत नसावेत. मग इमारतीतील पाच-सहा मुले विजेऱ्या घेऊन जमली. ज्या फुलाचा देठ नुसताच सडपातळ ते नर, आणि ज्याच्या खाली इवलासा दुधी आधीच दिसतो ते मादी. मुलांनी नर फूल खुडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवले. कोणी बोलत नव्हते. त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका मुलीने जिन्यातूनच ओरडून सांगितले, "आजोबा, माझा दुधी वाढतोय!" तो दुधी तोडायचा कधी, यावर पुढे मुलांची दोन वेळा भांडणे झाली.

दुसरा धडा घेवड्याचा. घेवड्यावर काळा मावा पडला. एका शेजाऱ्यांनी बाजारातून औषध आणण्याचा सल्ला दिला. ताईंनी चार दिवस थांबायला सांगितले. दोन दिवसांनी लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे दिसू लागले. हे ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या मावा खातात; औषध मारले असते, तर शत्रूबरोबर मित्रही मेले असते. अर्थात सगळे काही असे आपोआप सुटत नाही. वांग्यांवर पिठ्या ढेकूण आला तेव्हा निंबोळी अर्क फवारूनही आम्हाला दोन झाडे उपटावी लागली.

गच्चीवर सारे घर पोसता येते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. ज्वारी, गहू, डाळ शेतकऱ्याच्याच घामावर येते. आमच्या गच्चीतून आठवड्याला दोन-तीन वेळची पालेभाजी, थोड्या मिरच्या, कोथिंबीर आणि हंगामात दुधी-दोडके मिळतात. उन्हाळ्यात तर पाणी जपावे लागते म्हणून अर्धे क्रेट रिकामेच असतात. पण आमच्या इमारतीतील बावीस घरांपैकी तेरा घरांचा ओला कचरा आता जिना उतरत नाही. त्या सातवीतल्या मुलीच्या प्रश्नाला हे पुरते उत्तर नव्हे. उरलेली नऊ घरे आहेतच, आणि आमच्या रस्त्यावर अशा चाळीस तरी इमारती असतील.

गेल्या महिन्यात समोरच्या इमारतीत नवा वर्ग सुरू झाला. ताई आता दुसऱ्या भागात शिकवतात. येथे आमच्याच वर्गातील मंडळी पोती अंथरतात. परवा सकाळी दाराची घंटा वाजली. समोरच्या इमारतीतील सहावीतला मुलगा वाटी घेऊन उभा होता. म्हणाला, "आजोबा, आईने थोडे विरजण मागितले आहे."

मी विचारले, "दह्याचे की मातीचे?"

तो क्षणभर विचारात पडला. मग वाटीकडे पाहून म्हणाला, "तिने हे सांगितलेच नाही. दोन्ही द्या!"