पाटी नसलेला व्यवसाय

माझे शिक्षण भौतिकोपचाराचे. शहरात त्याला फिजिओथेरपी म्हणतात. आमच्या कोकणातल्या गावात मात्र मी 'व्यायाम सांगणारी'. बारावीनंतर साडेचार वर्षे शिकून मी तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात लागले. शेक द्यायचा, व्यायाम शिकवायचे. बाबांना वाटे, लवकरच पोरीची स्वतःची पाटी लागेल.

एका पावसाळ्यात शेजारची काकी कंबर धरून आली. बरी होऊन गेली. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी जरा रागानेच विचारले, "काकी, सांगितलेले व्यायाम करतेस ना?"

ती म्हणाली, "करतंय गो बाय. पण लावणी काय उभ्यानं होते?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. रविवारी तिच्या शेतावर गेले. सकाळपासून दुपारपर्यंत बायका चिखलात वाकलेल्या. मी दहा दिवस शेकलेली कंबर इथे एका सकाळीत पुन्हा धरत होती.

मग आम्ही मिळून काही ठरवले. अर्ध्या-अर्ध्या तासाने उभे राहून, हात कंबरेवर ठेवून, पाच वेळा हळूच मागे झुकायचे. आवण काढणारीने आणि लावणारीने कामे आलटून पालटून करायची. कापणीला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा वापरायचा. भारा लहान बांधून एक खेप जास्त करायची. पोते उचलताना गुडघ्यांत वाकायचे, ओझे अंगाशी धरायचे आणि वळताना कंबर न पिळता पाय वळवायचे. युरियाची गोणी २०१८ पासून पन्नासाऐवजी पंचेचाळीस किलोची झाली, तरी ती एकट्याने उचलायची हौस नको.

त्या वर्षीही काकीची कंबर दुखली. पण लावणी अर्धी टाकून तिला दवाखाना गाठावा लागला नाही.

मी पूर्ण वेळची नोकरी सोडली तेव्हा बाबा आठ दिवस बोलले नाहीत. "एवढा खर्च केला तो बांधावर बसायला?" त्यांचे चुकले नव्हते. पहिले वर्ष ओढाताणीचे गेले. आज मी दोन दिवस दवाखान्यात बसते. बाकीचे दिवस एका कारखान्यात खोकी उचलणाऱ्या कामगारांना शिकवते, शाळेच्या कबड्डी संघाचे गुडघे सांभाळते, दिव्यांग मुलांच्या घरी जाऊन त्यांच्या आयांना बसवण्या-उठवण्याची रीत दाखवते. पगारापेक्षा थोडे कमी मिळते, पण घर चालते.

१९५२ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विद्येची शाळा निघाली, तेव्हा पोलिओने लुळी पडणारी मुले डोळ्यांपुढे होती. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. दुखणी बदलली, मग आपण दवाखान्यातच का अडकून राहावे?

तुमच्या घरी बारावीला जीवशास्त्र घेतलेली मुलगी असेल, तर हे शिक्षण तिच्या कानावर घाला. आणि शिकून आल्यावर "पाटी कधी लावतेस?" असे लगेच विचारू नका. आधी तिला लावणीच्या दिवसांत शेतावर न्या.

बाबा हल्ली पोते उचलताना गुडघ्यांत वाकतात. मी बघते आहे हे कळले, की उगीच खाकरतात.