दक्षिण युरोपची सहल : ऋतू कोणता निवडावा?

इटली, स्पेन व ग्रीस या देशांची सहल आखताना खर्चाइतकाच ऋतूचाही विचार व्हावयास हवा. आपल्याकडे उन्हाळा सरताच पाऊस येतो. भूमध्य सागराच्या काठी मात्र उन्हाळा कोरडा जातो आणि पावसाचा मोठा भाग हिवाळ्यात पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिल शहराचा पारा अनेकदा ४० अंशांपलीकडे जातो. जुलै २०२३ मध्ये तर उष्णतेमुळे अथेन्सचे अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी काही तास बंद ठेवावे लागले होते. १५ ऑगस्टच्या सुमारास इटलीतील अनेक दुकानदार स्वतःच सुटीवर जातात. हिवाळ्यात गर्दी ओसरते, दरही उतरतात. परंतु ग्रीक बेटांवरील बरीच हॉटेले बंद असतात आणि बोटींच्या फेऱ्या कमी होतात.

म्हणून मे महिना, तसेच सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य, हे दोन काळ उत्तम होत. शाळकरी मुलांच्या कुटुंबांना मे सोयीचा. कोर्दोबाची फुलांनी सजलेली अंगणेही तेव्हाच पाहावीत. निवृत्त दांपत्यांना सप्टेंबरअखेर अधिक मानवते. समुद्र अजून उबदार असतो आणि ऊन सौम्य झालेले असते. रोमच्या दगडी रस्त्यांवरून आजी-आजोबांना नातवंडांच्या बरोबरीने चालता यावे, हीच ऋतुनिवडीची खरी कसोटी होय.