घाटांत चुकणारी ठिणगी

पेट्रोलच्या इंजिनाचें सारें चलनवलन एका ठिणगीवर अवलंबून असतें, हें पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत आपण सर्वांनीं वाचलें आहे. परंतु ती ठिणगी किती अडचणीच्या जागीं आणि किती वेळां पडावी लागते, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. चार धावांचें इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असेल, तर त्याच्या प्रत्येक सिलिंडरांत सेकंदास २५ ठिणग्या पडावयास हव्यात. त्यांतील कांहीं चुकल्या, तर चालकास पायाखालीं बारीकसा हिसका जाणवतो. आमच्याकडील गॅरेजवाले ‘गाडी मिसिंग मारते’ असें म्हणतात, व या दुखण्यास याहून नेमकें नांव आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

ज्या मोटारीविषयीं आम्ही लिहीत आहों, ती तीन सिलिंडरांची, टर्बो बसविलेली एक लहान पेट्रोल मोटार होय. आमच्या धाकट्या काकांनीं ती दुसऱ्याची वापरलेली विकत घेतली. हेतु चैनीचा नव्हता. काकूंच्या उपचारांसाठीं त्या उभयतांस दर पंधरवड्यास साखरप्याहून कोल्हापुरास जावें लागे, आणि वाटेंत आंबा घाट आडवा. सपाटीवर मोटार मोठी गुणी. पण चढावर जरा जोर मागितला कीं ती हिसके देऊं लागे, आणि चालकासमोरील इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकूं लागे. वाचकहो, हा दिवा नुसता लागून राहणें निराळें आणि लुकलुकणें निराळें. लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ असा कीं, सिलिंडरांत न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील उत्प्रेरकापर्यंत पोंचून तेथें जळत आहे, व तो महागडा भाग अतिउष्णतेनें निकामी होण्याच्या वाटेवर आहे. अशा वेळीं जोर काढून घेणें हेंच शहाणपण. काका तसेंच करीत व मुंगीच्या पावलांनीं माथा गांठीत. मागें काकू डोळे मिटून, कांहीं न बोलतां बसलेल्या असत.

एका गॅरेजमध्यें काकांस सांगण्यांत आलें कीं, टर्बो गेला, नवाच घालावा लागेल. खर्चाचा आंकडा काकूंच्या कित्येक महिन्यांच्या औषधपाण्याइतका होता. आम्हांस हें निदान पटेना. टर्बो बिघडला तर मोटार बहुधा एकसारखी अशक्त होते, शीळ घालते किंवा निळा धूर सोडते. ती अशी अडखळत नाहीं. वैद्यानें नाडी न पाहतांच शस्त्रक्रिया सुचवावी, तशांतला हा प्रकार वाटला.

हल्लींच्या मोटारींत नाडी पाहण्याची सोय केलेली असते. चालकाच्या गुडघ्याजवळ, फलकाखालीं सोळा पिनांचें एक तोंड असतें. त्यास वाचक-यंत्र जोडलें कीं इंजिनाच्या संगणकानें नोंदविलेले संकेत दिसतात. आम्हांस दोन दिसले : पी०३०० आणि पी०३०२. पहिल्याचा अर्थ, ठिणग्या निरनिराळ्या सिलिंडरांत चुकत आहेत. दुसऱ्याचा अर्थ, विशेषेंकरून दुसऱ्या सिलिंडरांत. संगणकास हें कळतें कसें, हें मोठें गमतीचें आहे. प्रत्येक स्फोट क्रँकच्या दांड्यास एक धक्का देतो. एक स्फोट चुकला कीं दांडा क्षणभर मंदावतो, व तेवढा फरक त्याजवळ बसविलेला संवेदक टिपतो.

परंतु संकेत घर सांगतो, चोर सांगत नाहीं. चोर कॉइल असेल, प्लग असेल, पेट्रोल फवारणारें इंजेक्टर असेल, किंवा झडपा नीट मिटत नसतील. तेव्हां आम्हीं एका वेळीं एकच वस्तु हलविण्याचा नेम धरला. प्रथम दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांच्या कॉइली आपसांत बदलल्या, संकेत पुसले, आणि घाटाकडे निघालों. “मी चढवितों, तूं दिव्याकडे बघ,” काका म्हणाले. दोन वळणांतच दिवा लुकलुकला. संकेत पुन्हा पी०३०२. म्हणजे कॉइल निर्दोष. इंजिन पूर्ण निवाल्यावर पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरांचे प्लग आपसांत बदलले. या खेपेस संकेत आला पी०३०१! दुखणें प्लगाबरोबर घर बदलून गेलें होतें. इंजेक्टर व झडपा जागच्या जागींच होत्या. त्यामुळें त्यांच्यावरील संशय आपोआप फिटला. त्या दिवशीं काकांच्या चेहऱ्यावर आम्हीं पुष्कळ दिवसांनीं हंसूं पाहिलें.

तिन्ही प्लग काढून मेजावर मांडले. मोटारीबरोबरच्या पुस्तिकेंत टोंकांमधील फट ०.७ मिलिमीटर लिहिलेली. येथें ती १.१ भरली. पूर्वीं कोणी तरी टर्बो नसलेल्या इंजिनाचे प्लग, आटे जुळतात एवढ्यावरून, यांत घातले होते. ज्या प्लगाबरोबर दुखणें फिरलें, त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर उभी, केसासारखी काळी रेघ होती : ठिणगी फट ओलांडण्याऐवजीं बाहेरूनच धातूकडे पळत होती, त्याची ती पाऊलवाट. (धातूच्या कडेलगत तपकिरी कडें दिसतें, तें मात्र निरुपद्रवी असतें, त्यावरून चांगला प्लग टाकूं नये.)

हें घाटांतच कां व्हावें? १८८९ सालीं पाशेन या जर्मन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, वायूंतून ठिणगी पाडण्यास लागणारा विद्युद्दाब हा वायूचा दाब व फटीची लांबी यांच्या गुणाकारावर ठरतो. टर्बो चढावर सिलिंडरांत हवा कोंबतो; दाब वाढतो; रुंद फट ओलांडणें ठिणगीस जड जातें, आणि ती सोपी वाट शोधते. म्हणूनच टर्बोच्या इंजिनांत फट अरुंद ठेवतात.

नवे प्लग घेतांना दुकानदार आम्हांस म्हणाला, “पांच नंबर काय नि सात काय, आटे तेच!” आटे तेच हें खरें, पण तो आंकडा उष्णतेचा आहे. प्लगाचें टोंक सुमारें ४५० अंश सेल्सिअसच्या वर असावें, म्हणजे त्यावरील काजळी जळून जाते. आणि ८५० च्या आसपास जाऊं नये, नाहीं तर ठिणगी पडण्यापूर्वींच तें टोंक निखाऱ्यासारखें मिश्रण पेटवितें, व दट्ट्यास भोंक पडण्यापर्यंत मजल जाते. उष्णता लौकर बाहेर टाकणाऱ्या प्लगास ‘थंड’ म्हणतात, आणि टर्बोस बहुधा तसाच लागतो. घोटाळा असा कीं, एनजीके व डेन्सो यांच्या प्लगांवर आंकडा मोठा तितका प्लग थंड, तर बॉश व चॅम्पियन यांच्यांत नेमकें उलट. काढलेल्या प्लगांवर पांच होता व पुस्तिकेंत त्याच कारखान्याचा सात सांगितला होता. म्हणजे जुने दोन पायऱ्यांनीं अधिक ऊन होते. सातापेक्षांही थंड घ्यावा, असें एकानें सुचविलें; पण ती युक्ति टर्बोचा दाब मुद्दाम वाढविणाऱ्यांची. साध्या मोटारींत त्यानें काजळीच धरावयाची.

धातूविषयीं आमचें मत स्पष्ट आहे : पुस्तिका इरिडियम सांगत असेल तर इरिडियमच घ्यावें. स्मिथसन टेनंट यानें १८०३ सालीं शोधलेला हा धातु २४४६ अंशांस वितळतो, म्हणून त्याचें टोंक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक करतां येतें; आणि बारीक टोंकावरून ठिणगी कमी विद्युद्दाबांत उडी घेते. मात्र फट मोजतांना त्या टोंकावर गेज टेंकवून उचकटणें म्हणजे तें मोडणेंच होय. आम्हीं तारेच्या मापानें नुसतें पाहून घेतलें. खांचांतील धूळ हवेनें उडविली, प्लग बोटांनीं आट्यांत बसविले, व शेवटचा पीळ मापाच्या पान्यानें, पुस्तिकेंत आहे तितकाच दिला. अंगच्या जोरानें पिळणारे वीर आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्या पराक्रमानें ॲल्युमिनियमचे आटे जातात. कॉइलींच्या रबरी टोप्याही नव्या घातल्या, कारण एकीच्या आंत तीच काळी रेघ उमटली होती.

पुढच्या पंधरवड्यास आम्हीही बरोबर गेलों. काकांनीं एकदांही पाय उचलला नाहीं. आंबा गांव मागें पडल्यावर काकूंनीं डोळे उघडले व “घाट कधीं आला?” म्हणून विचारलें.

ती रेघ असलेला प्लग आम्हीं शाळेच्या प्रयोगशाळेस दिला आहे. तो खिडकीजवळच्या कपाटांत, दुसऱ्या फळीवर आहे. रेघ बारीक असल्यामुळें पाहतांना भिंग घ्यावें.