इतिहासाची पदवी आणि संगणकाची वाट

कोकणच्या माणसाला दूरदेशी जाणे नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, बोटींवर आणि पुढे आखातात आपल्या वाडवडिलांनी घाम गाळला. त्यांच्या मनीऑर्डरींवर येथली घरे उभी राहिली. मात्र ते गेले कमवावयास. आजची मुले परदेशी जातात ती आधी कर्ज काढून. हा भेद लहान नव्हे.

गेल्या वर्षी रत्नागिरीतील आमच्या धर्मग्रामातले एक गृहस्थ मजकडे आले. त्यांची कन्या इतिहास घेऊन बी.ए. झालेली; आता तिला आयर्लंडमध्ये माहिती तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे होते. ते म्हणाले, “फादर, तीन वर्षे शिवकाल नि पेशवाई वाचली, आता ही संगणक काय शिकणार? तुम्ही तरी तिला चार शब्द सांगा.”

त्यांच्या बोलण्यात दोन प्रश्न एकत्र गुंतले होते. तिला हे जमेल काय, हा एक. त्यापायी घर तारण ठेवावे काय, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर मला अवघड वाटले नाही. रॉबेर्तो बुझा हे इटालियन येशूसंघीय धर्मगुरू तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते. संत थॉमस अक्विनास यांच्या लॅटिन ग्रंथांतील ‘मध्ये’ या अर्थाच्या एका अव्ययाचा मागोवा घेताना त्यांनी हाताने दहा हजार चिठ्ठ्या लिहिल्या. हे काम यंत्राने व्हावे म्हणून १९४९ साली ते अमेरिकेत आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. पुढे सुमारे तीस वर्षांच्या परिश्रमातून ५६ खंडांची शब्दसूची सिद्ध झाली. सेमिनरीत आम्ही जे तर्कशास्त्र शिकलो, त्याला बीजगणिताचे रूप देणारे जॉर्ज बूल हे आयर्लंडमधील कॉर्क येथेच प्राध्यापक होते. १८५४ साली त्यांनी मांडलेल्या विचारनियमांवर आजच्या संगणकाची आकडेमोड चालते. भाषा, तर्क आणि यंत्र यांची सोयरीक अशी जुनी आहे.

दुसरा प्रश्न अधिक कठीण. जर्मनीत संगणकशास्त्राच्या एम.एस्सी.साठी सहसा त्याच विषयाची पदवी मागतात. ब्रिटन व आयर्लंडमध्ये अन्य शाखांच्या पदवीधरांसाठी खास अभ्यासक्रम आहेत. परंतु तेथे प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, गणिती तर्क असे सारे थोडक्या काळात पचवावे लागते. आयर्लंडच्या सध्याच्या नियमांनुसार आठव्या स्तराच्या उच्च पदविकेनंतर नोकरीसाठी बारा महिने राहता येते, नवव्या स्तराच्या एम.एस्सी.नंतर कमाल चोवीस महिने. नावे सारखी भासली तरी प्रवेशापूर्वी हा स्तर पाहणे अगत्याचे आहे. शिवाय बँका शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत. आंब्याची कलमे असूनही राहते घरच गहाण पडते.

म्हणून मी त्या मुलीला म्हटले, “बाळ, सहा महिने येथेच शीक. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर अभ्यासक्रम विनामूल्य आहेत. मग आमच्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदवहीतील नावांची सूची करून दाखव.”

काम दिसले तितके सोपे नव्हते. एकच आडनाव लेखनिकांनी चार परींनी लिहिलेले. ते एकच कुटुंब होय, हे तिला आईवडिलांच्या व साक्षीदारांच्या नावांवरून कळे, यंत्राला कळेना. कोणता पुरावा किती ग्राह्य धरावा, हे तिला यंत्रासाठी पायरीपायरीने लिहावे लागले. अनेकदा चुकले, तिने पुन्हा लिहिले. त्या वेळी इतिहासाची तीन वर्षे तिच्या कामी आली. ती सूची पाहिल्यावरच वडिलांनी कर्जाचा अर्ज भरला.

माझ्या वाचक कुटुंबांना एवढेच सुचवावेसे वाटते, की मुलगा वा मुलगी अशी वाट मागेल तेव्हा “कलाशाखेला हे झेपेल काय?” असे विचारून तिला खाली मान घालावयास लावू नये. तसेच परदेशाच्या नावानेच दिपून जाऊन घराचे कागद बँकेत नेऊ नयेत. सहा महिन्यांनी काय करून दाखवतोस, असे प्रेमाने विचारावे आणि त्या सहा महिन्यांत पोटापाण्याची घाई तिच्या मागे लावू नये. एखाद्याला त्या कामाचा कंटाळा येईल आणि तो आपल्या विषयाकडे परतेल. तोही लाभच, घर शाबूत असेल.