अंधारात चाललेली जाहिरात

संध्याकाळचे सात वाजून चौदा मिनिटं, वीस सेकंद. जुळे सोलापुरातल्या एका सिग्नलजवळच्या एलईडी स्क्रीनवर कडक भाकरी आणि शेंगाचटणीची जाहिरात दहा सेकंद दाखवली, अशी नोंद कागदावर आहे. पुढची नोंद सात सोळा चाळीसची, त्यापुढची बरोबर सात एकोणीसची. आणि त्या संध्याकाळी साडेसहापासून नऊच्या पुढपर्यंत त्या चौकात वीजच नव्हती. प्रस्तुत लेखकाने तो अंधार उभं राहून पाहिला आहे. बिल मात्र पूर्ण आलं, आणि त्याला पुरावा म्हणून हाच कागद जोडलेला होता.

लेखकाचा धंदा गावातल्या लहानसहान व्यावसायिकांच्या जाहिराती लावून देण्याचा. आधी रंगवलेल्या भिंती, मग फ्लेक्स, आता स्क्रीन. या वेळची पार्टी म्हणजे विजापूर रोडच्या आतल्या बाजूला घरीच भाकऱ्या करून विकणाऱ्या एक काकू. हाताखाली चार बायका, ज्वारी मंगळवेढ्याची. दिवाळीला गावी आलेली पोरं भाऊबीज उरकून पुण्या-मुंबईला परत निघतात, तेव्हा पिशवीत भाकऱ्यांचं पुडकं आणि चटणी लागतेच. काकूंचा खरा हंगाम तो. साल 2024. फ्लेक्स त्यांना नको होता. “कोपऱ्याकोपऱ्यावर वाढदिवसवाले हायेत. त्यांच्या गर्दीत आपली भाकरी कोण बघणार ओ?” हा त्यांचा हिशोब, आणि तो चुकीचा नव्हता.

स्क्रीनवर जागा विकत मिळत नाही, वेळ मिळते. दहा-दहा सेकंदांचे स्लॉट पाडतात आणि ते एकामागून एक फिरत राहतात. या फेऱ्याला धंद्यात लूप म्हणतात. सहा स्लॉटचा लूप म्हणजे एक मिनिट. सकाळी सहा ते रात्री दहा स्क्रीन चालू राहिली, तर दिवसाला 960 वेळा जाहिरात दिसते. सौदा याच आकड्यावर झाला होता. त्यातही लेखकाचा डोळा लाल दिव्यावर होता. मिनिटभर दिवा लाल राहिला आणि लूपही मिनिटाचा असला, की पूर्ण मिनिट थांबलेल्या प्रत्येक दुचाकीवाल्याला भाकरी एकदा दिसणारच. फ्लेक्सला हे जमत नाही.

पण ती दिवाळी विधानसभेच्या आचारसंहितेत आली. 15 ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली, 20 नोव्हेंबरला मतदान. सार्वजनिक जागेतल्या स्क्रीनवर राजकीय जाहिरात दाखवायची, तर जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडून ती आधी तपासून घ्यावी लागते. 2004 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून ही पद्धत पडली आहे. एकदा प्रमाणपत्र हातात आलं, की उमेदवाराला घाई असते आणि दराची घासाघीस नसते. सहाचा लूप कधी चौदाचा झाला, हे कुणी कळवलंसुद्धा नाही. चौदा स्लॉट म्हणजे 140 सेकंद. दिवसाच्या 960 खेपांच्या चारशे दहाच्या आसपास झाल्या, आणि लाल दिव्यापाशी थांबलेल्या निम्म्याहून अधिक लोकांना भाकरी दिसण्याआधीच हिरवा दिवा लागू लागला. पैसे तेवढेच.

एवढ्यावर निभावलं असतं. निवडणुकीत सगळ्यांचंच थोडं इकडे-तिकडे होतं, असं म्हणून लेखकाने काकूंना वाढीव दिवस मिळवून द्यायचं ठरवलं होतं. मग तो अंधाराचा फोन आला.

“दादा, आपली भाकरी दिसंना की ओ. सगळी स्क्रीनच काळी हाय.”

लेखक गाडी काढून गेला. खरंच काळी. त्या भागातला फीडर गेला होता, सिग्नलही बंद, एक पोलीस शिट्टी वाजवत गाड्या सोडत होता. स्क्रीन चालवणाऱ्या कंपनीला फोन केल्यावर उत्तर आलं, “सर, सिस्टीमला तर चालू दाखवतंय.” दुसऱ्या दिवशी अहवाल मागवला, तर वर दिलेल्या नोंदी. अंधारातल्या अडीच तासांपेक्षा जास्त वेळच्या सगळ्या खेपा, सेकंदासकट, एकही न चुकता.

लबाडी आहे, हे पहिलं मत. ते फार वेळ टिकलं नाही, कारण खरी गोष्ट लबाडीपेक्षा विचित्र निघाली. जाहिराती सोडणारा प्लेअर, म्हणजे एक छोटा संगणकच, खालच्या केबिनमध्ये इन्व्हर्टरवर होता. स्क्रीन थेट लाइनवर. वीज गेली, स्क्रीन विझली. प्लेअरला त्याचा पत्ता नाही. तो प्रामाणिकपणे दर 140 सेकंदांनी भाकरी वर पाठवत राहिला आणि पाठवल्याची नोंद करत राहिला. ज्याला हा धंदा प्रक्षेपणाचा पुरावा म्हणतो, तो बहुतेक ठिकाणी एवढाच असतो: यंत्राने काय पाठवलं. वर उजेड पडला का, याची नोंद त्यात नसते. ती ठेवता येते. स्क्रीनसमोर कॅमेरा बसवता येतो, वीज आणि उजेड मोजणारे सेन्सर मिळतात. पण ते बसवायचा खर्च स्क्रीनवाल्याचा आणि फायदा जाहिरातदाराचा. मग बसवणार कोण?

आणि स्क्रीन जनरेटरवर का नाही? तेही हिशोबाचंच. वीस बाय दहा फुटांची स्क्रीन म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर. भर उन्हात दिसायची, तर तिला पाच हजार निट्स किंवा त्याहून जास्त प्रकाश टाकावा लागतो, आणि पूर्ण पांढऱ्या चित्राला तिची वीज दहा किलोवॉटच्या पुढे जाऊ शकते. (काळी पार्श्वभूमी घेतली तर खर्च बराच उतरतो. भाकरी काळ्या तव्यावर दाखवण्याचा आग्रह स्क्रीनवाल्याने का धरला होता, ते लेखकाला तेव्हा उमगलं.) एवढा भार डिझेलवर ओढायला कुणीच तयार नसतं.

हे सगळं समजावून सांगितल्यावर कंपनी गप्प बसायला हवी होती. तिने फोटो पाठवला. भाकरीची जाहिरात झळकते आहे, खाली तारीख अंधाराच्या दिवसाची. फोटो चांगला होता. फक्त मागच्या कोपऱ्यावर एका स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दिसत होता, आणि तो फ्लेक्स चार दिवस आधीच उतरला होता. काकूंनीच तो हेरला. “ह्याचा वाढदिवस होऊन गेला की!” ज्या फ्लेक्सना त्या नावं ठेवत होत्या, त्यातल्याच एकाने त्यांची बाजू सांभाळली. कंपनीने फोटोचा विषय सोडला, बिलाचा सोडला नाही. करारात “अहवालानुसार” असा शब्द होता आणि अहवाल पूर्ण होता.

लेखकाला आजही खुपतं ते हे. होर्डिंगसाठी आपल्याकडे कायदा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची 244 आणि 245 ही कलमं आहेत, 2022 चे नियम आहेत. होर्डिंग कोसळलं तर काय होतं, हे पुण्यात जुन्या बाजाराजवळ 5 ऑक्टोबर 2018 ला चार जणांच्या आणि किवळ्याला 17 एप्रिल 2023 ला पाच जणांच्या मृत्यूने दिसलं. घाटकोपरला 13 मे 2024 च्या वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. मर्यादा 40 बाय 40 फुटांची होती, सांगाडा 120 बाय 120 चा, क्षेत्रफळात नऊपट. त्यानंतर गावोगाव सांगाडे तपासले गेले, नट-बोल्ट मोजले गेले, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण स्क्रीनवर विकलेला सेकंद कुणी मोजत नाही. किराणा दुकानातलं वजन वैधमापनवाले तपासतात. दहा सेकंदांचं माप तपासायला कोणी येत नाही.

परदेशात सगळं आलबेल आहे, असं नाही. पण ब्रिटनमध्ये रूट नावाची एक संस्था आहे. तिच्या पाहणीसाठी काही लोक जीपीएसचं उपकरण घेऊन हिंडतात आणि कोणता फलक किती जणांच्या नजरेच्या टप्प्यात आला, हे त्यावरून काढलं जातं. तिथेच 2013 साली ब्रिटिश एअरवेजने पिकाडिलीच्या स्क्रीनवर एक लहान मूल दाखवलं होतं. डोक्यावरून त्यांचं विमान जाऊ लागलं, की मूल उठून त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि खाली त्या विमानाचा क्रमांक यायचा. विमानाचे संदेश टिपणारी अँटेना लावून हे साधलं होतं. पुढच्या वर्षी कानच्या जाहिरात महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळाली. होटगी रोडच्या विमानतळावरून 9 जून 2025 ला गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हा लेखकाच्या मनात हीच कल्पना येऊन गेली. दिवसाकाठी मोजकी विमानं म्हटल्यावर मूल बहुतेक वेळ बसूनच राहिलं असतं, ते सोडा.

मग भिंत बरी का? काही दिवस लेखक सगळ्यांना तसंच सांगत सुटला होता. रंगवलेली भिंत वीज गेली म्हणून विझत नाही, तिच्यावर दुसरे तेरा जण येऊन बसत नाहीत. पण भिंतीसमोरून किती जण गेले, हे तरी कधी कुणी मोजलं होतं? उलट सकाळी भाकरी आणि संध्याकाळी चटणी दाखवायची, पारा चाळिशीपार गेला की ताकाची जाहिरात आपोआप सोडायची, माल संपला की फोनवरून ती थांबवायची, ही चैन भिंतीने कधी दिली नाही. शिव्या घालूनही संक्रांतीला गड्डा यात्रेच्या गर्दीसाठी लेखकाने पुन्हा स्क्रीनच घेतली, आणि तीही त्याच सिग्नलची. काकूंनी कपाळाला हात लावला, पण पैसे दिले.

नव्या करारात लूप आठ स्लॉटच्या वर जाणार नाही, असं लिहून घेतलं. वीज नसलेला काळ प्रक्षेपणात धरायचा नाही आणि फोटोऐवजी वेळ दिसणारा व्हिडिओ द्यायचा, हेही घातलं. कंपनीने तिन्ही अटींवर सही केली आणि दर दीडपट केला. दिवाळीच्या बिलातले अंधाराचे पैसे अजून परत आलेले नाहीत.