मृगजळांतली मैफल

घरीं एकट्यानें वाजवितांना जो हात रेशमासारखा फिरतो, तोच परीक्षकांपुढें कां अडखळावा? थोर चेलोवादक पाब्लो कासाल्स यांनाही रंगमंचाच्या भयानें आयुष्यभर सोडलें नाहीं. मग आमच्या पुतणीची काय कथा! परीक्षेंत हात कांपल्यापासून तिचें व्हायोलिन पेटींत पडून आहे.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्यें या भयावर आभासाची मात्रा देऊन पाहण्यांत आली. विद्यार्थ्यानें रंगमंचामागें ताटकळावें, मग दिव्यांच्या झोतांत यावें. समोर पडद्यावर श्रोते, नाहीं तर तीन परीक्षक! २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत वाजविण्यापूर्वींची छातींतली धडधड खऱ्या परीक्षेच्या वेळेसारखीच आढळली. आतां तर डोळ्यांवर चढविण्याच्या यंत्रांतही असें सभागृह सामावतें.

हृदय किती भोळें! समोर माणूस नाहीं हें बुद्धीला ठाऊक असूनही तें धडधडतेंच. पण या भोळेपणांतच औषध आहे. येथें चुकलें तरी गुण कापले जात नाहींत, आणि तोच प्रसंग दहादां आला कीं त्याची धार बोथट होते. आपल्याकडे गुरूच्या मागें तंबोरा घेऊन बसणारा शिष्य असाच मैफलीला सरावतो. मात्र त्याच्यासमोर जिवंत माणसें असतात, त्याच्या एखाद्या स्वराला खरी दाद मिळते. ती पडद्यावरचा श्रोता कोठून देणार? मृगजळानें तहान भागत नाहीं, हें खरेंच. पण भयानें जागींच खिळलेल्या हरिणाला त्यानें धांवावयास लावलें, तर पुढची खरी नदी त्याला कधीं तरी गांठतां येईल.